गुंडप्पांच्या घराण्याची झोप

१

सुंदरराव डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला, हातमोजे काढले आणि भूल देणाऱ्या रामकिसन डॉक्टरांकडे पाहून म्हणाले, "झालं. उठवा आता."

वीरेश उठला नाही.

अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन. केजच्या पेठेतल्या गुंडप्पांचा हा एकुलता एक मुलगा सकाळी आपल्या पायांनी चालत टेबलापाशी आला होता. टेबलावर चढता चढताही सत्यभामा सिस्टरला रंगीत टीव्हीचे गुण सांगत होता. पाठीवर गळू असल्यामुळे कमरेतली, खालचं अंग बधिर करणारी सुई टाळून त्याला पूर्ण भूल दिली होती. घशात नळी घालताना अंग सैल पडावं म्हणून अशा वेळी एक इंजेक्शन देतात. त्याचा अंमल चहाचा कप रिकामा होईपर्यंत टिकतो, फार तर दुसरा कप भरेपर्यंत. इथं ऑपरेशन उरकलं, गॅस बंद केला, तरी वीरेशची छाती आपणहून हलेना. रामकिसन डॉक्टर रबरी फुगा दाबत होते. दाबला की छाती वर, सोडला की खाली. नाडी मात्र घोड्यासारखी धडधडत होती.

"कोणतं इंजेक्शन भरलं होतं? बाटली दाखवा," सुंदरराव म्हणाले.

सत्यभामा सिस्टर ट्रेकडे वळली. कात्री होती, चिमटा होता, कापूस होता. बाटली नव्हती.

दाराच्या फटीतून ही बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे. पुढच्याच क्षणी वीरेशच्या आईचा, सावित्रीबाईंचा आवाज सगळ्या दवाखान्यात घुमला.

"इख घातलं माज्या लेकराला!"

२

ही गोष्ट एकोणीसशे सत्याण्णवची. केजच्या गच्च्यांवर तेव्हा नव्या नव्या डिश उगवत होत्या आणि पानटपरीवरही लाल रंगाचे थंड पेयांचे फ्रिज दिसायला लागले होते.

सुंदररावांच्या दवाखान्यात त्या वर्षी डॉ. शिवांजली आल्या होत्या. पाटोद्याच्या एका कापडवाल्याची ही लेक पुण्याला जाऊन अनुवंशाचं शास्त्र शिकून आली होती. सकाळी ती रोगी तपासायची. दुपारी आसपासच्या नर्स आणि नव्या डॉक्टरांना शिकवायची. मधल्या वेळात घरोघर जाऊन विचारायची, तुमच्या घरात कुणाला कमी दिसतं, कुणाचं रक्त थांबत नाही, कुणाची आई कुणाची भाची. वंशावळ म्हणून दाखवणारे हेळवी गावात येतात ना, बैल घेऊन? म्हणून लोकांनी तिला नाव ठेवलं होतं, हेळवी डॉक्टरीण. तिला ते आवडायचं. "माझा बैल तेवढा राहिलाय," असं ती म्हणायची.

त्या दिवशी शिवांजली आरडाओरडा ऐकून धावत आली आणि आधी फुगा हातात घेतला. चौकशी नंतर. माणूस आधी.

दुपारभर सगळ्यांनी पाळीपाळीनं फुगा दाबला. सुंदररावांचे हात भरून आले, सत्यभामाचे आले. बाहेर उभा असलेला बजरंग शेवटी आत शिरला आणि म्हणाला, "मला द्या, माजे हात दमत न्हाईत." सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बजरंग हा गावचा केबलवाला. वीरेशनं टीव्हीच्या दुकानाबरोबर स्वतःची केबल टाकायला घेतली होती, त्यावरून आठवड्याच्या बाजारात दोघांची जुंपली होती आणि बजरंग चारचौघांत ओरडला होता, "तुला असा झोपवतो बे, की उठणार न्हाईस!"

पण हात खरोखरच दमले होते. रामकिसन डॉक्टर बजरंगच्या बाजूला पहारा दिल्यासारखे उभे राहिले.

दिवे लागायच्या सुमाराला वीरेशचं बोट हललं. मग पापणी. मग घशातली नळी त्याला नकोशी झाली आणि त्यानं हातच उचलला. सावित्रीबाई हसत होत्या आणि रडत होत्या, दोन्ही एकदम.

गुंडप्पा मात्र हसले नाहीत. पेठेत ज्यांचा शब्द चालतो असा हा माणूस अंगणात सर्वांसमोर उभा राहिला.

"लेकरू वाचलं ही मन्मथस्वामींची किरपा. पर बाटली गेली कुठं? उद्या सांजेपर्यंत मला सांगा. न्हाई तर मी फौजदाराकडं जातो. आन आजपासून आमच्या घरचं कुणी ह्या दवाखान्याची पायरी चढणार न्हाई."

"असं म्हणू नका," सुंदरराव हळूच म्हणाले. त्यांची नजर सावित्रीबाईंच्या मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गंगासागरकडे गेली. वीरेशची ही बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते. "गंगासागरच्या पोटात बाळ आडवं आहे. तिला ऑपरेशन लागणार. आज ना उद्या."

सावित्रीबाईंनी लेकीला पदराखाली ओढलं. "त्या टेबलावर? मेले तरी न्हाई."

३

सकाळी शिवांजलीनं चौकशीला सुरुवात केली. कुणी तिला नेमलं नव्हतं. पण गंगासागरचं बाळ कुणाची वाट पाहणार नव्हतं.

आधी रामकिसन डॉक्टर. बीडहून जीपनं येणारा हा तापट माणूस. वीरेशनं त्यांना विकलेल्या टीव्हीत क्रिकेटच्या मॅचला नुसत्या मुंग्या दिसत, म्हणून त्यांचंही त्याच्याशी वाजलं होतं.

"टीव्हीसाठी मी माणूस मारीन?" ते उसळले. "नेहमीचाच डोस दिला. आणि त्याच बाटलीतून आधी पिशवीच्या ऑपरेशनवाल्या बाईला दिला. ती बाई लगेच उठली, संध्याकाळी भाकरी मागत होती."

"बाटली जुनी?"

"त्याच सकाळी फोडलेली. ते औषध थंडीत ठेवावं लागतं. उन्हात राहिलं तर त्याचा जोर कमी होतो, वाढत नाही."

शिवांजलीनं मान हलवली. "डोस कुणी भरला?"

"सत्यभामानं. माझ्या डोळ्यांसमोर. म्हणजे, मी तेव्हा नळी बघत होतो."

सत्यभामा सिस्टर हे ऑपरेशन थिएटर वर्षानुवर्षं सांभाळणारी बाई. ती आज प्रश्न संपण्याआधीच उत्तर देत होती. "मी न्हाई बघितली बाटली. धावपळ झाली, कुठं तरी गेली आसंल. मला काय ठाव?"

"सिस्टर, मी अजून बाटलीचं विचारलंच नाही."

सत्यभामानं घडी घातलेल्या गॉजची पुन्हा घडी घातली.

दवाखान्याच्या फाटकाला लागूनच बजरंगचं केबलचं ऑफिस होतं. बाहेर थंड पेयांचा फ्रिज, मागं जनरेटर.

"झोपवतो म्हणलो, हे खरं हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "भांडणात माणूस काय बी बोलतंय, मॅडम. पर मी दुपारी आत आलतो, बाटली तर सकाळीच गेल्ती."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू त्याला काहीतरी पाजलंस म्हणे."

"थंडं पाजलं! भांडण मिटवाया गेलतो. त्यानं बाटली संपवली आन भांडण बी तसंच ठिवलं." तो खदखदून हसला. "माज्या फ्रिजात इख आसतं तर निम्मं केज मेलं आसतं. लाईट गेल्यावर दवाखान्याचं बर्फ बी माज्याच फ्रिजात ऱ्हातंय. सत्यभामाबाई आणून ठिवतेत, त्याच नेतेत. विचारा त्यांना."

शिवांजली जायला निघाली होती. ती फाटकाजवळ थांबली, वळली, आणि फ्रिजकडे बघत राहिली.

पण तितक्यात वॉर्डातून हाक आली. वीरेश बोलायला लागला होता.

४

उशाला तीन उशा घेऊन वीरेश बसला होता आणि त्याचा आवाज बेडकासारखा घोगरा झाला होता.

"बजरंग्याला बोलवा. पेठेतली केबल माजी, वस्तीतली त्याची. तो तसं बोललाय."

"कधी बोलला?"

"काल. फुगा दाबताना."

शिवांजली खाटेच्या कडेला बसली. "वीरेश, काल तू झोपला होतास."

"कोण म्हणतं? सकाळचं काय बी आठवत न्हाई. पर दुपारचं समदं ऐकू येत होतं. डोळं उघडंनात, बोट हलंना. आधी लई भ्यालो. वाटलं, मेलो, आन मेल्यावर आसंच आसतं. मग ध्यानात आलं, वारा आत येतोय. थांबतोय, परत येतोय. म्हणलं, म्हंजी कुणीतरी हाय. कुणीतरी सोडून गेलेलं न्हाई." त्यानं डोळे पुसले, मग लगेच त्याला हसू आलं. "आमचे आप्पा म्हणत होते, पोरगं उठू दे, मी कपिलधारला स्वामींच्या समाधीला चालत जातो. आन बजरंग्या म्हणत होता, ऊठ बे, तुज्यासंगं भांडायला दुसरं कोण हाय मला? पेठ तू घे, वस्ती मला दे, पर ऊठ."

वॉर्डातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शिवांजली हसली नाही. तिचे डोळे चमकत होते.

विष किंवा झोपेचं औषध असतं तर वीरेश बेशुद्ध राहिला असता. हा तर सगळं ऐकत होता. म्हणजे मेंदू जागा आणि फक्त स्नायू सैल. म्हणजे त्याच्या अंगात तेच नेहमीचं इंजेक्शन होतं. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या बाईच्या अंगातून ते लगेच उतरलं आणि याच्या अंगात दुपारभर का बसून राहिलं?

एक तर डोस भलताच जास्त होता.

किंवा वीरेशच वेगळा होता.

५

हे ठरवायला बाटली हवी होती. नवी बाटली, दोन डोस. उरलेलं औषध डोळ्यांनी बघितलं की कळणार होतं.

"ज्याला बाटली नष्ट करायची असते तो ती गटारात ओततो," शिवांजली सुंदररावांना म्हणाली. "पण ज्याला ती जपायची असते, आणि ती थंडीतच टिकते हे माहीत असतं, तो काय करील?"

"आपला फ्रिज आपण तपासला. त्यात नाही."

"आपला तपासला."

ती तडक फाटकाकडे गेली. मागं सुंदरराव, रामकिसन, गुंडप्पा, आणि केजमध्ये त्या वेळी ज्याला काही काम नव्हतं असा प्रत्येक माणूस. तिनं बजरंगचा फ्रिज उघडला, थंड्याच्या बाटल्या बाजूला केल्या, बर्फाच्या पिशव्यांच्या मागं हात घातला आणि गॉजमध्ये गुंडाळलेली एक छोटी काचेची बाटली बाहेर काढली.

"धरा त्याला!" कोणीतरी ओरडलं. दोघांनी बजरंगच्या गचांडीला हात घातलाही.

"सोडा त्याला," शिवांजली म्हणाली. "बजरंगनं गुंडाळली असती तर वर्तमानपत्रात गुंडाळली असती. ही गॉजची घडी बघा. कोपऱ्याला कोपरा. अशी घडी केजमध्ये एकच माणूस घालतं."

गर्दीच्या मागं सत्यभामा सिस्टर मटकन खाली बसली.

"मला वाटलं माज्याच हातून चुकलं," ती हुंदके देत म्हणाली. "मीच डोस भरला. लेकराचा श्वास परत येईना, तवा वाटलं, मी दुप्पट भरला आसंल. बाटली बघायची हिंमत झाली न्हाई. फेकायची बी झाली न्हाई. ट्रेमधनं उचलून खिशात घातली, मग बर्फ न्यायच्या निमित्तानं इथं ठिवली. मला काय करायचं ते करा."

शिवांजलीनं बाटली उन्हात धरली. काचेतून पाणी चमकलं. ती रामकिसन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी निरखून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"निम्म्याहून जास्त शिल्लक आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा तापट चेहरा एकदम मऊ झाला. "दोनच डोस गेलेत. बरोबर दोन. सत्यभामाबाई, उठा. तुमचा हात चुकला नाही."

सत्यभामा उठून उभी राहिली. तिनं नुसते आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"मग चुकलं कोण?" गुंडप्पांनी विचारलं.

त्याच वेळी त्यांच्या घरचा गडी पळत आला. गंगासागरला कळा सुरू झाल्या होत्या.

६

गुंडप्पांच्या ओसरीवर शिवांजली सावित्रीबाईंसमोर बसली. आत गंगासागर कण्हत होती, सुईण हात चोळत होती.

"मामी, मला एकच सांगा. तुमच्या घरात आधी कुणी ऑपरेशननंतर असं पडून राहिलं होतं?"

"आता हेळव्यावानी कुळी काढायची येळ हाय का बाई?" सावित्रीबाई कडाडल्या.

"हीच वेळ आहे."

सावित्रीबाई मग गुंडप्पांकडे बघत म्हणाल्या, "ह्यांचे थोरले भाऊ. तात्याबा मामा. सोलापुरात हर्नियाचं आपरेशन केल्तं, तवा दिवसभर न्हाई उठले. डॉक्टरांनी आशा सोडली. मग उठले आन म्हणाले, मन्मथस्वामी उशाला बसले होते."

"तुम्ही दिराला मामा म्हणता?"

"म्हंजी काय! मी ह्यांच्या थोरल्या भैणीची लेक. मामासंगं लगीन झालं माजं. आमच्यात चालतंय तसं."

शिवांजलीनं सुटकेचा श्वास सोडला. हातातली बाटली तिनं ओसरीवर ठेवली.

"गुंडप्पा, ऐका. कुणी विष घातलं नाही. ते इंजेक्शन अंगात शिरलं की रक्तातला एक रस त्याला तोडून टाकतो. तो रस तयार करायची किल्ली प्रत्येकाला दोन जागांहून मिळते. एक आईकडून, एक बापाकडून. एक किल्ली बोथट निघाली तरी दुसरी कुलूप उघडते, त्या माणसाला कधी कळतही नाही. तात्याबांच्या दोन्ही बोथट असणार. मग तुमच्याकडे आणि तुमच्या थोरल्या बहिणीकडेही एकेक असू शकते. बहिणीची तिच्या लेकीकडे, ह्या मामींकडे आली. एका विहिरीचं पाणी दोन पाटांनी निघालं आणि एकाच वाफ्यात पडलं. वीरेशला दोन्ही किल्ल्या बोथट मिळाल्या. औषध तेच, डोस तोच. तोडणारं कुणी नव्हतं, म्हणून ते बसून राहिलं."

"म्हंजी माजं चुकलं?" सावित्रीबाईंचा आवाज चिरकला. "माज्या रक्तात खोट हाय?"

"नाही मामी. हे सगळ्यांत असतं. माझ्यातही कसली तरी बोथट किल्ली असेल, कसली ते मला माहीत नाही. तुमची तेवढी कळली. आणि कळली म्हणून आता भीती नाही."

गुंडप्पांनी ओसरीवरची बाटली उचलून पाहिली. "तपासून सांगता येतं?"

"येतं. वीरेशचं रक्त पुण्याला जाईल, तात्याबांचंही, तुम्हा सगळ्यांचं. पण उत्तर यायला दिवस लागतील."

"आन गंगासागर?"

"तिच्या दोन्ही किल्ल्या बोथट आहेत असं धरूनच चालायचं. ते इंजेक्शन द्यायचंच नाही. कमरेत सुई देऊ. ती जागी राहील, श्वास तिचा तीच घेईल."

आतून गंगासागरचा आवाज आला. दम लागलेला, पण ठणठणीत.

"आये, मी जाती! दादाला उठवलं त्यांनीच. तुमचं बोलणं व्हईस्तोवर बाळ काय थांबायचं न्हाई!"

बजरंगची जीप दाराशी उभीच होती. तो कधी आला होता, कुणाला कळलं नव्हतं.

७

गंगासागर टेबलावर जागी होती आणि गप्प बसत नव्हती. रामकिसन डॉक्टर तिच्या उशाशी बसून तिला बोलतं ठेवत होते. सत्यभामानं औषधं भरली. प्रत्येक सुई तिनं डॉक्टरांना दाखवली, डॉक्टरांनी प्रत्येक सुई पाहिली, आणि दोघंही एकमेकांकडे बघून मान हलवत होते.

मग एक रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, कुणाच्याही परवानगीशिवाय घेतलेल्या श्वासाचं.

"लेक झाली," सुंदरराव म्हणाले.

"आवाज बघा की," गंगासागर म्हणाली, "बापावर गेलीय."

बाहेर वीरेश पोटाचा टाका धरून हसत होता आणि दुखतंय म्हणून ओरडत होता. बजरंगनं फ्रिजातलं सगळं थंडं दवाखान्याला वाटलं. गुंडप्पांनी भर अंगणात सत्यभामापुढं हात जोडले. "बाई, मी लई बोललो." ती म्हणाली, "मी बी लपवलं, मालक. फिट्टंफाट."

पुण्याहून अहवाल आला तेव्हा तात्याबांचं, वीरेशचं आणि गंगासागरचं उत्तर एकच होतं. तिघांच्याही रक्तात तो रस नव्हता. सावित्रीबाईंनी अहवाल दोनदा वाचून घेतला. त्या दिवशी आपण लेकीला पदराखाली ओढलं नसतं, शिवांजलीनं विचारलं नसतं, घाईत तेच इंजेक्शन दिलं गेलं असतं... त्या उठून आत गेल्या आणि शिवांजलीसाठी पुरणाचा घाट घातला.

पुढं गुंडप्पांनी सगळी भावकी बोलावली. बार्शीहून, लातूरहून, बीडहून माणसं आली. दवाखान्याच्या अंगणात मांडव पडला. एकीकडे रक्त काढणं चाललं होतं, दुसरीकडे जेवणं. तात्याबा आजोबा खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "किल्ली बोथट हाय हे खरं. पर उशाला स्वामी बसले होते हे बी खरं." शिवांजलीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्यांच्या दोन्ही किल्ल्या बोथट निघाल्या त्यांच्यासाठी गुंडप्पांनी हातात घालायची तांब्याची कडी करून घेतली. कोणत्या डॉक्टरला काय सांगायचं ते त्यावर कोरलेलं. बजरंगनं ते सगळं आपल्या केबलवर दाखवलं आणि वीरेशनं त्याच्याशी, पेठेतल्या गिऱ्हाइकांना ते फुकट का दाखवलं म्हणून, नव्यानं भांडण काढलं.

शिवांजलीच्या दुपारच्या वर्गात एक धडा वाढला. फळ्यावर फार काही नव्हतं. नर्सना आणि डॉक्टरांना ती सांगायची, भूल देण्याआधी एक प्रश्न विचारा. तुमच्या घरात कुणी ऑपरेशननंतर उठायला उशीर केला होता का? सत्यभामा पुढं येऊन आपली हकिगत स्वतः सांगायची, बाटली लपवण्यासकट.

पावसाळा सरता सरता एका सकाळी पाटोद्याहून फोन आला. तिच्या वर्गात शिकून गेलेला एक डॉक्टर होता. आवाजात धाप होती.

"मॅडम, हर्नियाचा पेशंट आला होता. तुमचं विचारायचं ते विचारलं. म्हणाला, माझी आत्या आपरेशननंतर सांजेपर्यंत उठली नव्हती."

शिवांजलीनं रिसीव्हर घट्ट धरला. "मग?"

"ते इंजेक्शन दिलंच न्हाई. कमरेत सुई दिली. आत्ताच बाहेर आलो."

"आणि पेशंट?"

पलीकडून कोणाचा तरी खणखणीत आवाज फोनमध्ये शिरला. डॉक्टर हसायला लागला.

"चहा मागतोय, मॅडम."